पिवळ्या रेषेच्या आत

“खुर्च्या गोल मांडू नका हो, कोर्ट भरल्यासारखं वाटतं,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

बायकोचं ऐकून दादांनी गोल मोडला आणि खुर्च्या रांगेत लावल्या. मग लांब उभं राहून पाहिलं, तर आता मुलाखत असल्यासारखं दिसत होतं. शेवटी त्यांनी दोन खुर्च्या भिंतीला टेकवल्या, एक खिडकीशी ओढली आणि आपण काहीच ठरवलेलं नाही असा देखावा उभा केला. नोकरीत असताना अख्खं खातं ज्याला टरकून असायचं, तो हा गृहस्थ सख्ख्या बहिणीला जेवायला बोलावून घाबरला होता. घाबरला की तो ओरडायचा. आज ओरडायचं नाही, असं लेकीने सकाळपासून चारदा बजावलं होतं.

ठरलं होतं ते असं. जेवण होईपर्यंत कोणी विषय काढायचा नाही. चहा झाला की डॉक्टरीण, म्हणजे दादांची लेक, रिपोर्ट समजावून सांगेल. मग धाकटा काहीतरी विनोद करेल, कारण धाकट्या भावाच्या विनोदाला चिमा हसते. आणि ती हसली की दादांनी सहज म्हणायचं, गुरुवारची तारीख घेतली आहे, मी येतो सोबत.

चिमा म्हणजे आत्या. चुंबकीय पदार्थांच्या प्रयोगांत केस पिकवलेली शास्त्रज्ञ. जगात कुठे कुठे तिचे पेपर वाचले जात असतील, दादांच्या तोंडी मात्र ती चिमाच. गेल्या महिन्यात ती याच इमारतीच्या जिन्यात धाडकन कोसळली. दिवसभर छातीला तारा चिकटवून तपासलं, तेव्हा कळलं की तिच्या हृदयाचा ठोका मध्येच पडायचा राहतो. पेसमेकर बसवायचा, तासाभराचं काम. दुसऱ्या कोणीही दुसऱ्या दिवशी बसवून घेतला असता. आत्या मात्र तेव्हापासून ‘बघू’ म्हणत होती, आणि तिचं ‘बघू’ म्हणजे काय ते या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ती आली तशी दादा दाराशी धावले. “ये, ये. बस कुठेही.”

“एवढ्या खुर्च्या? आणखी कोण येणार आहे?”

“कोणी नाही! कशाला कोण येतंय?”

आत्याच्या अंगावर लोखंडाचा कण नसायचा. हातात घड्याळ नाही, केसांना प्लॅस्टिकची क्लिप, आणि चपला घेताना आत खिळे आहेत का हे विचारून विचारून ती दुकानदाराला भंडावून सोडायची. एरवी आली की ती आधी स्वयंपाकघरात शिरे, ओट्यावर चढून बसे आणि वहिनीशी गप्पा मारे. बाहेरच्यांचा नंबर मागाहून. आज वहिनीने आतूनच “आलीस का?” म्हटलं आणि नळ सोडला. आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

जेवताना सगळे इतके गोड वागले की कोणालाही संशय यावा. दादांनी तिला वाढलं, जे त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. धाकट्याने विचारलं, “ताई, तुझे ते त्रिकोण काय म्हणतायत?”

“काय म्हणणार? अजून भांडतायत.”

“मला पुन्हा सांग ना. मी दर वेळी विसरतो.”

तिला सांगायला आवडायचं, म्हणून तो दर वेळी विसरायचा. आत्याने पानातले तीन वाटाणे त्रिकोणात मांडले. “हे तीन अणू. प्रत्येक अणू म्हणजे एक बारीक चुंबक. आणि माझ्या स्फटिकात प्रत्येकाचा एकच हट्ट, शेजाऱ्याच्या बरोबर उलट तोंड करायचं. याने वर पाहिलं की याने खाली. दोघांचं जमलं. आता तिसऱ्याने कुठे बघायचं? वर पाहिलं तर हा रुसतो, खाली पाहिलं तर तो.”

“आपण तिघं!” धाकटा म्हणाला. “बाबा गेल्यापासून हेच तर चाललंय.”

डॉक्टरीण खो खो हसली. दादासुद्धा हसले. “मग त्यांना एकदा काय ते ठरवायला लाव ना,” ते म्हणाले.

“तेच तर करतेय इतकी वर्षं. स्फटिक तयार करायचा, हेलियममध्ये गार करायचा, इतका गार की त्याहून गार फारसं काही असत नाही. वरून मोठा चुंबक लावायचा. तरी ठरवत नाहीत मेले.” तिने तिन्ही वाटाणे खाऊन टाकले.

*

डॉक्टरीण रोज अनोळखी माणसांना वाईट बातम्या सांगायची आणि त्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं. पण आत्यासमोर बसलं की तिला अजून शाळेचा गणवेश अंगावर असल्यासारखं वाटायचं. गणित आत्यानेच शिकवलं होतं, आणि एकदाही शाबासकी दिली नव्हती. चहाचे कप बाजूला सारून तिने आलेखाची लांब पट्टी टेबलावर पसरली.

“आत्या, हे बघ. इथे ठोका आहे, इथे आहे. आणि इथून इथपर्यंत काहीच नाही.”

“दिसतंय. जन्मभर आलेखच वाचलेत मी.”

“मग हेही दिसत असेल की ही मोकळी जागा एक दिवस संपणारच नाही.”

“असेल.”

“असेल काय, आत्या? नक्की आहे.”

दादांना राहवलं नाही. “अगं, छातीत एक घड्याळ बसवायचं, एवढंच ना? आपण घड्याळवाल्याची पोरं! बाबा असते तर त्यांनीच बसवून दिलं असतं.”

धाकटा हसला, कारण आता हसायचं ठरलं होतं. आत्या हसली नाही. तिला बाबांच्या दुकानातली फरशी आठवली. लहानपणी तिच्या खिशात कायम चुंबक असायचा. दुरुस्तीला आलेली घड्याळं त्याने बिघडली, तेव्हा बाबांनी खडूने रेघ मारली. ‘चिमे, तो चुंबक घरी ठेव आणि मग खुशाल ये पुढे.’ दोन्ही भाऊ रेघेपलीकडे बाबांच्या मांडीला टेकून घड्याळांची चाकं बघायचे. चिमा अलीकडे उभी राहायची. तिने चुंबक काही घरी ठेवला नाही.

“पेसमेकर बसला, की मला माझ्या खोलीत जाता येणार नाही,” ती म्हणाली.

“कुठल्या खोलीत?” धाकट्याने विचारलं.

“चुंबकाच्या. खोलीत जमिनीवर पिवळी रेषा आहे. रेषेच्या आत चुंबकाचा जोर इतका, की पेसमेकरचं डोकं फिरू शकतं. म्हणून पेसमेकरवाल्यांना आत मनाई. ती रेषा मीच आखली आहे. मीटर घेऊन, गुडघ्यावर रांगत.”

डॉक्टरीण सरसावून बसली. निदान घोडं कुठे अडलंय ते तरी कळलं. “पण आत्या, आता नवे निघालेत. लोक ते घालून एमआरआय करतात.”

“करतात. आधी पेसमेकरची सेटिंग बदलतात, शेजारी डॉक्टर उभा असतो आणि अर्ध्या तासात बाहेर काढतात. मी रोज जाते, आणि तासन्‌तास असते.”

“म्हणजे,” दादा सावकाश म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढणार हे सगळ्यांना कळलं, “एका खोलीपायी तू जीव देणार? खोलीपायी?”

“बाबा,” डॉक्टरीण म्हणाली.

“नाही, मला कळू दे! अगं, तू शास्त्रज्ञ ना? डोकं गहाण टाकलंस का?”

डॉक्टरिणीने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला काहीतरी आठवलं होतं. कॉलेजात असताना ती एकदा त्या प्रयोगशाळेत गेली होती. “आत्या, पण मोजमाप तर बाहेरच्या संगणकावरून होतं ना? काचेच्या अलीकडून?”

“होतं.”

“स्फटिक आत सोडायचं काम?”

“तेही आता मशीन करतं.”

“मग तू आत जाऊन करतेस काय?”

आत्याने कप उचलला. तो रिकामा होता. तिने तो परत ठेवला.

काय सांगायचं? काहीच करत नव्हती ती. आत एक लाकडी स्टूल होतं, त्यावर ती बसायची. पंपाचा आवाज चालू असायचा, एका लयीत, कधी न थांबणारा. चुंबक पुरुषभर उंच, चकचकीत, गप्प. बाहेर सहकारी एकमेकांच्या मुलांच्या गोष्टी सांगायचे, सुट्टीत कुठे जायचं ते ठरवायचे, आणि ती जवळ गेली की विषय बदलून तापमानाबद्दल बोलायचे. तिला वाईट वाटू नये म्हणून. घरी गेलं तर दिवा लावेपर्यंत अंधार, आणि लावल्यावर सकाळी ठेवलेली वस्तू जागच्या जागी. त्या खोलीत एकटं असणं कामाचा भाग होतं. तिथे एकटं बसलेल्या बाईची कोणाला कीव येत नव्हती.

“तिथे मला बरं वाटतं,” ती म्हणाली.

“आणि इथे?” दादांनी विचारलं. “इथे नाही वाटत?”

तिने पटकन ‘वाटतं की’ म्हणायला हवं होतं. या घरातल्या दुसऱ्या कोणीही म्हटलं असतं. पण खोटे आकडे लिहायची तिला सवय नव्हती आणि खोटं बोलायचीही. दादांचा चेहरा एवढासा झाला.

“दादा, जरा दमानं घे,” धाकटा म्हणाला. खरं तर तो दादांच्या बाजूने बोलायला आला होता. “तिला वेळ देऊ या ना. पुढच्या महिन्यात बघू.”

“तू तर बोलूच नकोस! परवा फोनवर काय म्हणालास? हातपाय बांधून नेऊ म्हणालास!”

“मी? दादा, हे तू म्हणालास!”

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. प्रयोगशाळेचा नंबर होता. तिने लगेच घेतला. प्रयोग चालू होता आणि हेलियमची पातळी खाली आली तर तिला कळवायचं, असं सांगून ठेवलं होतं. फोनवर सुरक्षा अधिकारी होता, तिच्याच हाताखाली शिकलेला.

“मॅडम, सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय. तुमचं कार्ड मला थांबवावं लागलंय. चुंबकाच्या खोलीचं.”

“का?”

“मंगळवारी तुम्ही आत बेशुद्ध पडला होतात, असं कळलं. काल तुमच्या घरून फोन होता.” पुढचं तो भराभर बोलला. “मॅडम, हेलियम गळला तर त्या खोलीत हवा उरत नाही. चक्कर येणाऱ्या माणसाने तिथे जायचं नाही, हा नियम तुम्हीच लिहिलाय.”

“हो. मीच लिहिलाय.”

“ऑपरेशन झालं की चक्कर थांबेल, पण मग ती पिवळी…”

“मला माहीत आहे रे. नियम बरोबर आहे. पातळी बघत राहा.” तिने फोन ठेवला.

फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांनी ऐकलं होतं. पहिली बोलली डॉक्टरीण. “मंगळवारी? तू पुन्हा पडलीस? त्या खोलीत, एकटी? आणि कोणाला बोलली नाहीस?”

“तिकडे फोन कोणी केला?” धाकटा ताडकन उठला. “दादा, हे मात्र अति झालं. समजावणं वेगळं आणि हे वेगळं. तिच्या नोकरीत नाक खुपसायचं?”

“मी नाही केला! मला मंगळवारचं ठाऊकसुद्धा नव्हतं!” दादा ओरडले आणि लगेच लेकीकडे वळले. “तू केलास? तुमच्या डॉक्टर लोकांचं असतं काहीतरी.”

“बाबा! मी तिच्या परवानगीशिवाय कोणाला सांगेन? मला तर वाटलं तुम्हीच!”

तिघांची जुंपली. आत्या त्यांच्याकडे बघतही नव्हती. मंगळवारी शुद्धीवर आली तेव्हा तिचा गाल गार फरशीवर होता आणि पंप चालूच होता. आपण इथे मेलो असतो तर सकाळपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता, हे तिच्या मनात आलं. त्याहून वाईट म्हणजे, चाललं असतं, असंही आलं. त्या संध्याकाळी तिने एकाच माणसाला फोन करून हे सगळं सांगितलं होतं. चाललं असतं, हेसुद्धा. आणि शपथ घातली होती.

स्वयंपाकघरातला नळ केव्हाचा बंद झाला होता. भांड्यांचा आवाज येत नव्हता. आत्या उठली, पिशवी घेतली आणि कोणाला काही न बोलता बाहेर पडली. दादांना ती गेल्याचं दार लागल्यावर कळलं.

*

वहिनी तिच्या मागे जिना उतरली ती अनवाणी. नवऱ्याने “अगं, तू कुठे?” म्हणून हाक मारली, तर तिने हातानेच गप्प केलं. असं तिने त्यांना आजवर कधी केलं नव्हतं. दादा दारातच उभे राहिले.

आत्या खालच्या वळणावर कठड्याला धरून उभी होती. तोंड पांढरं पडलं होतं.

“बस आधी,” वहिनी म्हणाली.

“हात लावू नकोस.”

“नाही लावत. पण बस.”

आत्या पायरीवर बसली. वहिनी दोन पायऱ्या वर बसली, कारण शेजारी बसायचा तिला धीर होईना. वरच्या मजल्यावरून तिघांचे आवाज येत होते. अजून चोर सापडला नव्हता.

“तुला सोडून मी कोणाला सांगितलं होतं का?” आत्या म्हणाली. “सांग ना. या जगात दुसऱ्या कोणाला?”

“नाही.”

“शपथ घातली होती.”

“घातली होतीस. मोडली मी.” वहिनी पदराने हात पुसत होती, हात कोरडे असूनही. “मी तुझं नाव न घेता लेकीला आडून आडून विचारलं. चक्कर येणाऱ्याला तसल्या खोलीत जाऊ देतात का? नाही म्हणाली. पेसमेकरवाल्याला? तेही नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑपरेशन नाही केलंस तरी खोली बंद, केलंस तरी बंद. मग तू कशासाठी नाही म्हणशील? म्हणून केला फोन.”

आत्या हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “डोकं चालवलंस. माझ्या हाताखाली असतीस तर पुढे गेली असतीस.”

“बोल. काय वाटेल ते बोल.”

“मी सोमवारी सकाळी उठून कुठे जाऊ, वहिनी?”

आमच्याकडे ये, असं दादा म्हणाले असते. छंद लावून घे, असं धाकटा म्हणाला असता. वहिनीला ठाऊक होतं की चिमा आपल्याकडे येईल, खिडकीशी बसेल, आणि सगळे तिच्याशी जपून बोलतील.

“मला नाही माहीत,” ती म्हणाली. “तुझं सगळ्यात लाडकं माणूस तोडावं तशी ती खोली तुझ्यापासून तोडली मी, हे मला कळतंय. तुला काय वाटलं, मला त्या चुंबकातलं कळत नाही म्हणून हेही कळत नसेल?”

“मग का केलंस?”

“कारण तू म्हणालीस, मेले असते तरी चाललं असतं.” वहिनीचा आवाज फाटला. वर कोणीतरी बोलायचं थांबलं. “कोणाला चाललं असतं गं? मला विचारलंस? या भरल्या घरात दिवसभर मी कोणाशी बोलते, सांग. ह्यांना बातम्या. लेक येते, फ्रिज उघडते, जाते. मी काय करते, काय वाचते, मला काय दुखतं, कोणी विचारतं? तू विचारतेस. लग्न होऊन आले तेव्हा तू परकर-पोलक्यात होतीस, तेव्हापासून तूच विचारतेस. तुझा फोन आला नाही तर माझा दिवस उजाडत नाही. आणि तू खुशाल म्हणतेस, चाललं असतं! चारचौघांत एकटं असणं काय असतं ते तुला एकटीलाच ठाऊक आहे का?”

आत्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने वहिनीला खूप काही विचारलं होतं, पण हे कधी विचारलं नव्हतं. वहिनी म्हणजे घरातली, माणसांतली, भरलेली, असं तिने गृहीत धरलं होतं. तिची चूक झाली होती, आणि ती मोजायला तिच्याकडे कुठलं यंत्र नव्हतं.

वरून दादांची हाक आली. “अगं, आहात ना दोघी? काय झालं?”

“काही नाही!” दोघी एकदमच ओरडल्या.

दार लावल्याचा आवाज आला. जिन्यात आता दोघींशिवाय कोणी नव्हतं. आत्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“मी तुला कधी माफ करणार नाही, वहिनी,” ती म्हणाली. रागाने नाही. एखादा आकडा वाचून दाखवावा तशी म्हणाली.

“नको करूस.” वहिनी एक पायरी खाली सरकली. “पण जिवंत राहून नको करूस. गुरुवारी टेबलावर झोप, बरी हो, मग दर शनिवारी ये, माझ्या ओट्यावर चढून बस, आणि माझ्या तोंडावर सांग, की नाही केलं अजून.”